कूळ आणि कूळ : मॉरिशसमधील मराठी घराण्यांच्या अज्ञात पूर्वजाचा शोध

प्रस्तावना

मराठीत ‘कूळ’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. वंश किंवा घराणे हा एक अर्थ. दुसऱ्याची जमीन कसून खंड भरणारा शेतकरी हा दुसरा. विसाव्या शतकात महाराष्ट्रात जे कुलवृत्तांत प्रसिद्ध झाले ते मुख्यत्वे पहिल्या अर्थाच्या कुळांचे होत. त्यांच्यापाशी सनदा होत्या, वतनाचे कागद होते, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे लेख होते. दुसऱ्या अर्थाच्या कुळांपाशी यांपैकी फारसे काही नव्हते. कोकणातील सामान्य कुणबी, भंडारी वा महार कुटुंबाला चार-पाच पिढ्यांपलीकडचा पूर्वज सहसा नावानेही ठाऊक नसतो, आणि तो शोधावा कसा हेही कोणी सांगत नाही.

या परिस्थितीला एक ठळक अपवाद आहे व तो समुद्रापलीकडे सापडतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून जे मराठी स्त्री-पुरुष गेले, त्यांची नोंद तेथील सरकारने इतक्या बारकाईने ठेवली की तेवढी त्यांच्या मूळ गावात कोणी ठेवली नसती. परंतु ज्या नोंदीने हा पूर्वज जपला तिनेच त्याच्या नावगावाचे रूपही पालटले. प्रस्तुत लेखात या नोंदींचे स्वरूप, त्यांतील नावे व गावे वाचण्यातील अडचणी आणि कोकणातील कागदपत्रांशी त्यांचा मेळ घालण्याच्या शक्यता यांचा विचार केला आहे.

स्थलांतर आणि त्याचे दप्तर

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरीच्या निर्मूलनानंतर मॉरिशसच्या मळेवाल्यांना मजुरांची चणचण भासू लागली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई येथे पोहोचले. या पद्धतीतील गैरप्रकारांमुळे काही काळ बंदी आली. ती १८४२ मध्ये उठवून कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून सरकारी देखरेखीखाली भरती सुरू झाली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर उतरले. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश परत गेले. मुंबई बंदराचा वाटा दहा टक्क्यांहून कमी होता आणि तोही प्रामुख्याने शतकाच्या मध्यास पडला. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, पुणे, कुलाबा या भागांतील माणसे त्यांत होती.

हा काळ शोधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे वडील बिहारमधील हरिगाव येथून १८९६ मध्ये आले. तेथे पूर्वज आणि पुत्र यांच्यात एकच पिढी होती. गावाचे नाव घरात जिवंत होते. मराठी घराण्यांचा मूळ पुरुष त्याआधी चाळीस-पन्नास वर्षे आलेला असल्यामुळे दरम्यान पिढ्या अधिक गेल्या. घरात उरले ते गणपती, गोंधळ, झाकरी आणि ‘आम्ही मुंबईहून आलो’ हे एक वाक्य. मुंबई हे अर्थातच बंदर होते, गाव नव्हे.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ मध्ये जे स्थलांतरितांचे आगार उभारण्यात आले तेच आजचे आप्रवासी घाट. त्याच्या सोळा पायऱ्या प्रसिद्ध आहेत व २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. उतरलेल्या प्रत्येक माणसाला तेथे एक क्रमांक मिळत असे. नोंदवहीत क्रमांकापुढे नाव, पित्याचे वा मातेचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खुणा, गाव, परगणा, जिल्हा, जहाजाचे नाव, आगमनाची तारीख आणि ज्या मळ्यावर पाठविले त्याचा मालक असे रकाने भरले जात. पुढील विवाह, मृत्यू किंवा परतीचा प्रवास यांचीही टिपणे कित्येकदा त्याच ओळीत जोडलेली दिसतात. हे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आहे. इतिहासकार मरीना कार्टर यांनी मॉरिशसमधील भारतीय मजुरांच्या, आणि विशेषतः स्त्रियांच्या, इतिहासाची मांडणी करताना अशा साधनांचा विस्तृत उपयोग केला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. हे दप्तर मजुरांच्या वंशजांच्या सोयीसाठी निर्माण झालेले नाही. पळून गेलेला मजूर ओळखता यावा, करार संपलेला व न संपलेला यांत भेद करता यावा, यासाठी उंची मोजली गेली आणि कपाळावरचा व्रण टिपला गेला. १८६० च्या दशकात छायाचित्रेही घेतली जाऊ लागली आणि १८६७ च्या कायद्याने करारमुक्त झालेल्या ‘जुन्या’ मजुरांनाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. हा जाच इतका झाला की १८७१ मध्ये अ‍ॅडॉल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याच्या पुढाकाराने ९४०१ जुन्या मजुरांनी राज्यपालांकडे अर्ज केला व त्यातून पुढे शाही आयोगाची चौकशी झाली. ज्या छायाचित्रात आज पणतूला आपल्या पणज्याचा चेहरा प्रथमच दिसतो ते छायाचित्र पणज्याच्या दृष्टीने पोलिसांना दाखवावयाचा कागद होते.

नावाचे रूपांतर

पूर्वजशोधाचा रूढ मार्ग वर्तमानाकडून भूतकाळाकडे जातो. मॉरिशसमधील मराठी कुटुंबाने प्रथम जन्म, विवाह व मृत्यू यांचे नागरी दाखले मागे मागे मिळवीत जावे. एखाद्या दाखल्यात स्थलांतरिताचा क्रमांक आढळला की नोंदवहीतील ओळ सापडते. हे सांगावयास सोपे आहे. प्रत्यक्षात अडथळा येतो तो आडनावापाशी.

तत्कालीन मराठी कागदांत सामान्य माणसाची ओळख ‘बिन’ या शब्दाने बांधलेली असे. उदाहरणादाखल, ‘गणू बिन रामा’ म्हणजे रामाचा मुलगा गणू. गणूचा मुलगा विठू झाला तर तो ‘विठू बिन गणू’ होई. प्रत्येक पिढीत मागचे नाव बदलत राही. कुटुंबाचे उपनाव असलेच तरी ते व्यवहारात क्वचित येई. मॉरिशसच्या नागरी नोंदणीची घडण मात्र फ्रेंच वळणाची होती व तिला स्थिर आडनाव हवे होते. परिणामी ज्या पिढीची नोंद प्रथम झाली त्या पिढीतील पित्याचे नाव गोठून आडनाव बनले. आज तेथील मराठी आडनावे पाहिली तर त्यांत ‘जी’, ‘बा’, ‘राम’ असे शेवट असलेली, कोकणात केवळ व्यक्तिनाम म्हणून चालणारी नावे मोठ्या संख्येने दिसतात. आडनाव हेच पूर्वजाचे नाव असण्याचा संभव त्यामुळे बराच असतो. मात्र तो पूर्वज जहाजातून उतरलेलाच असेल असे नाही. त्याचा मुलगा, किंवा क्वचित ज्याने बोटीवर पायही ठेवला नाही असा गावाकडे राहिलेला बापही, आडनावात शिल्लक राहिलेला असू शकतो.

विवाहाच्या बाबतीत आणखी गुंता होता. केवळ धार्मिक विधीने झालेला विवाह कायद्याने ग्राह्य नसे. अशा दांपत्याची मुले कागदोपत्री अनौरस ठरत आणि कित्येकदा आईच्या नावाने नोंदविली जात. तेव्हा आडनाव हे पुरुषाचेच, हे गृहीतसुद्धा सोडावे लागते.

उच्चाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. नाव सांगणारा मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणारा, ते लिहून घेणारा मुंबईचा इंग्रजी लेखनिक, आणि पुढे वाचणारा फ्रेंच व क्रिओल कानाचा. त्या काळी इंग्रजीत ऱ्हस्व ‘अ’ हा ‘यू’ अक्षराने, ‘ई’ दोन ‘ई’ अक्षरांनी व ‘ऊ’ दोन ‘ओ’ अक्षरांनी दाखविण्याची रीत होती. त्यामुळे ‘गणू’ हा ‘गुन्नू’ होतो. ‘भिकाजी’तील महाप्राण गळतो व ‘बिकाजी’ उरतो. ‘ळ’ आणि ‘ण’ तर टिकतच नाहीत. ‘काळू’ व ‘कालू’, ‘धोंडू’ व ‘डोंडू’ यांतून मूळ नाव ओळखण्यास मराठी कान लागतो. याला दुसरी बाजूही आहे: बाळा, दादू, बापू, तात्या ही घरात हाक मारण्याची नावे लेखनिकापुढे तशीच सांगितली गेली असणार. पाळण्यातले नाव शोधत गेल्यास हाती काही लागत नाही.

गावाचा पत्ता

नोंदीतील गाव वाचता आले म्हणजे शोध संपला, असे पुष्कळांना वाटते. कोकणापुरते बोलायचे तर खरी अडचण तेथून सुरू होते. शिरगाव हे एकच नाव घेतले तरी ते रत्नागिरी, चिपळूण व देवगड या तिन्ही तालुक्यांत आहे, आणि तिन्ही गावे पूर्वी एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होती. येथे परगण्याचा किंवा तालुक्याचा रकाना निर्णायक ठरतो. परंतु त्यासाठी त्या काळची विभागणी माहीत हवी. पेशवाईनंतर रत्नागिरी जिल्ह्याचे सुवर्णदुर्ग, अंजनवेल, रत्नागिरी, विजयदुर्ग व मालवण असे भाग होते. आजच्या दापोली, गुहागर किंवा देवगडच्या माणसाला ‘अंजनवेल’ वा ‘विजयदुर्ग’ वाचून किल्ला आठवतो, तालुका आठवत नाही. सिंधुदुर्ग हा जिल्हा तर १९८१ मध्ये झाला. ‘सातारा’ अशी नोंद १८४८ पूर्वीची असेल तर ती संस्थानी मुलखाची, त्यानंतरची असेल तर इंग्रजी जिल्ह्याची. आणि कागद शोधावयाचे ठिकाण त्याप्रमाणे बदलते.

शिवाय घरापासून तुटलेला माणूस परक्यापुढे आपल्या वाडीचे नाव सांगत नाही. तो जवळची पेठ किंवा बंदर सांगतो. नोंदीत राजापूर वा चिपळूण आले म्हणजे तो शहरातलाच होता असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.

‘जात’ हा रकाना सर्वांत सावधपणे वाचावा लागतो. ‘मराठा’ हा शब्द या दप्तरात जात, भाषा आणि प्रदेश अशा तिन्ही अर्थांनी वापरलेला असू शकतो. मॉरिशसमध्ये तो पुढे साऱ्या मराठी भाषक समाजाचे नाव बनला व आजही आहे. पूर्वज कुणबी होता, महार होता की गाबीत, हे दीड शतकानंतर अचानक कागदावर दिसले की घराची स्वतःविषयीची कल्पना हलते. काहींना ते स्वीकारणे जड जाते. अशा वेळी नोंद चुकीची ठरविण्याकडे ओढ असते. पण नोंद गैरसोयीची असणे हे ती खोटी असल्याचे प्रमाण होऊ शकत नाही.

हीच गोष्ट कुटुंबकथांची. दगडाखाली सोने सापडते अशी थाप मारून पूर्वजाला जहाजावर चढविले, ही कथा मॉरिशसमध्ये सर्वत्र ऐकू येते. पूर्वज १८५७ च्या उठावात लढून परागंदा झाला, ही दुसरी. तिला काही आधार आहे: १८५८ व १८५९ ही मोठ्या आगमनाची वर्षे आहेत. मात्र ज्याची नोंद १८४६ ची आहे त्याला १८५७ चा सैनिक करता येत नाही. उलट, १८१५ पासून बंगालमधून आणि पुढे मुंबई इलाख्यातूनही शिक्षा झालेले कैदी मॉरिशसला पाठविले गेले, हे क्लेअर अँडरसन यांच्या संशोधनाने सविस्तर मांडले आहे. मजुरांच्या नोंदवहीत न सापडणारा एखादा पूर्वज त्या कागदांत असू शकेल. ती शक्यता मात्र कोणत्याही घराला आपणहून सुचत नाही.

कोकणातील कागद

मॉरिशसच्या बाजूने गाव निश्चित झाल्यावर या बाजूने काय मिळते? मुंबईच्या राज्य अभिलेखागारात इलाख्याच्या सरकारचा पत्रव्यवहार आहे. त्यातून स्थलांतराचे धोरण कळते. एखाद्या गणू बिन रामाचे घर कळत नाही. जन्म-मृत्यूची ग्रामनोंद नियमित होऊ लागली तोपर्यंत तो समुद्रापार जाऊन वर्षे लोटली होती. राहिला प्रश्न जमिनीच्या कागदांचा, आणि तेथे कोकणची खोती आड येते.

रत्नागिरी जिल्ह्यातील बहुसंख्य गावांत सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत होता. सरकारला गावाचा आकार खोताकडून मिळे. कूळ कोण, अर्धेल देते की तिर्धेल, हे खोत जाणे. सरकारी दप्तरात म्हणून खोताचे नाव, त्याच्या तक्षिमा, भाऊबंदकीचे तंटे हे सारे येते आणि जमीन प्रत्यक्ष नांगरणारा गायब असतो. त्याचे नाव असलेच तर खोताच्या घरच्या मोडी वसुली वह्यांत. असे खासगी रुमाल कित्येक माड्यांवर वाळवीने खाल्ले. जे उरले ते वाचणारे मोडीचे जाणकार आता थोडे आहेत. मॉरिशसहून येणाऱ्या शोधकाच्या दृष्टीने हे कागद कोणत्याही ताम्रपटाहून मोलाचे आहेत. ते वंशावळ म्हणून कोणी लिहिले नाहीत, पण कुळाचे कूळ तेथेच सापडण्याची आशा आहे.

१८८० च्या खोती कायद्यानंतर मोजणी खात्याने खोती गावांसाठी ‘बोटखत’ तयार केले. कोणत्या कुळाने खोताला काय द्यावयाचे याची ती नोंद होय. स्थलांतरित तोवर निघून गेलेला असल्याने तो स्वतः तेथे सापडणार नाही. मात्र त्याचे भाऊ, पुतणे, चुलत घराणे त्याच वाडीत कसत असण्याचा पुष्कळ संभव आहे. म्हणून गेलेल्या माणसाला शोधण्याऐवजी मागे राहिलेल्यांना शोधणे अधिक फलदायी ठरते. नोंदवहीत त्याच्या बापाचे नाव ‘रामा’ असेल आणि बोटखतात त्याच गावी, त्याच जातीचा ‘अमुक बिन रामा’ योग्य वयाचा असेल, तर एक दुवा हाती येतो. रामा हे नाव प्रत्येक वाडीत आढळते. तेवढ्यावरून नाते सिद्ध होत नाही. कुळस्वामी, गावदेवीचा मान, गोंधळात घेतली जाणारी देवतांची नावे यांचा पडताळा जोडला तर दुवा बळकट होतो. अलीकडे जनुकीय चाचण्यांचा आधार घेतला जातो. त्या दूरच्या रक्तसंबंधाची शक्यता दाखवितात, परंतु वाडीचे नाव सांगत नाहीत.

येथे व्यवहाराचाही एक प्रश्न उभा राहतो. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, कूळकायद्याने कसणाऱ्यांना मालकी मिळाली आणि एकेका सातबाऱ्यावर आज वीस-पंचवीस नावे चढली आहेत. परदेशातून आलेला पाहुणा आजोबांच्या आजोबांविषयी विचारू लागला की हा हिस्सा मागावयास आला काय, अशी शंका गावात येणे स्वाभाविक आहे. शोधकाने प्रथम तलाठ्याकडे न जाता देवळात जावे, गावकऱ्यांना व पुजाऱ्याला भेटावे, हे अधिक शहाणपणाचे.

कागदाचे वाढते वजन

हा शोध एके काळी हौसेचा वा भावनेचा विषय होता. आता त्याला कायद्याचे परिमाण लाभले आहे. मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशस भेटीत तेथील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतवंशीयांना ‘ओसीआय’ दर्जासाठी पात्र ठरविणाऱ्या विशेष तरतुदीची घोषणा केली. सात पिढ्या ही मर्यादा मराठी घराण्यांसाठी विशेष मोलाची, कारण त्यांचे पूर्वज आधी आले. परंतु पिढ्या मोजावयाच्या तर प्रत्येक पिढीचा दाखला हवा आणि एका दाखल्यातील ‘गुन्नू’ व दुसऱ्यातील ‘गानू’ हा एकच माणूस आहे हे पटवून देता आले पाहिजे. ध्वनिपरिवर्तनाचा जो प्रश्न भाषाभ्यासकाच्या टिपणात शोभावा तो असा कार्यालयाच्या खिडकीपाशी येऊन उभा राहिला आहे. मराठी व्यक्तिनामांची तत्कालीन इंग्रजी व फ्रेंच रूपे एकत्र करून एखादी सूची झाली तर तिचा उपयोग अनेकांना होईल. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांना हे काम अवघड नाही.

स्त्रीपूर्वजाची ओळ

आपल्या कुलवृत्तांतांत स्त्री येते ती अमक्याची पत्नी म्हणून. मुलगी तर दुसऱ्या घरी दिली की वृक्षातून गळते. जुन्या कागदांत तिच्यासाठी ‘कोम’ हा शब्द आहे: ‘सखू कोम रामजी’, म्हणजे रामजीची बायको सखू. तिचा बाप कोण, माहेर कुठले, याची विचारपूस दप्तर करीत नाही.

मॉरिशसच्या नोंदवहीत मात्र प्रत्येक स्त्रीला स्वतःचा क्रमांक आहे. तिचे वय, तिची उंची, तिचे गाव स्वतंत्र रकान्यांत आहे. नवऱ्याबरोबर आली असेल तर त्याच्या क्रमांकाचा निर्देश सापडतो. एकटी आली असेल तरी ओळ पुरी भरलेली असते. भरतीत स्त्रियांचे किमान प्रमाण राखण्याचे बंधन पुढे घालण्यात आले तेव्हा विधवा, टाकलेल्या आणि घर सोडून निघालेल्या स्त्रियाही या वाटेने गेल्या असणार. त्यांची नावे गावाकडे कोणी पुन्हा काढली नसतील. मोका येथील वहीत नवऱ्याचे गाव साताऱ्याकडचे व बायकोचे रत्नागिरीकडचे आढळले, तर तो विवाह गावी झालेला नसून मुंबईच्या आगारात, जहाजावर किंवा मळ्यावर जुळलेला असण्याची शक्यता अधिक. अशा घराच्या वंशजाला एका गावाऐवजी दोन गावे शोधावी लागतात, आणि दुसऱ्या गावी विचारायचे ते सुनेबद्दल नव्हे, लेकीबद्दल.